गरम पाण्याची वाट

कॉम्बी बॉयलर घेताना 'इन्स्टंट' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की तो बसवल्यावर पहिल्याच सकाळी माणूस बुचकळ्यात पडतो. नळ सोडायचा, बोटं पाण्याखाली धरायची आणि उभं राहायचं. पाणी येतं ते गार. थोड्या वेळाने येतं ते आणखी गार! या दुसऱ्या गारपणाचं मला बरेच दिवस कोडं होतं. रात्रभर पाइपात पडून राहिलेलं पाणी निदान घरातल्या हवेइतकं तरी उबलेलं असतं. ते वाहून गेलं की मागून येतं ते जमिनीखालच्या लाइनीतून नुकतंच आलेलं, बॉयलर पेटायच्या आत त्याच्या पोटातून तसंच पुढे सरकलेलं पाणी. म्हणजे बोटांना जे जाणवतं तो भास नसतो. गरम व्हायच्या आधी पाणी खरोखरच एकदा जास्त गार होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्बी म्हणजे एका पेटीत दोन कामं करणारा बॉयलर. गॅसवर पाणी तापवून खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या घरभरच्या रेडिएटरांत फिरवायचं हे एक, आणि कुणी नळ सोडला की वाहतं पाणी जाता जाता तापवून द्यायचं हे दुसरं. साठवणीची टाकी नसते. गॅस गिझर वापरलेल्यांना हे दुसरं काम ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की गिझर बहुधा नळाच्या डोक्यावरच बसलेला असतो आणि कॉम्बी घराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या कपाटात. हा 'इतकाच' फरक पुढे भलताच मोठा होतो.

गरम पाण्याला उशीर झाला की सगळे बॉयलरला बोल लावतात. आमच्याकडेही तेच. बायकोचं मत, "म्हातारा झालाय तो." मुलीचं मत, "मग नवीन घ्या ना!" चौदाव्या वर्षी सगळ्याच बिघाडांवर हा एकच इलाज असतो. मी म्हटलं, आधी उशीर होतो कुठे ते बघू, मग कुणाला फाशी द्यायची ते ठरवू. त्यासाठी अवजार लागत नाही, फक्त घरात दोन माणसं लागतात. एकाने वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा गरम नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्याने बॉयलरच्या खालून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला हात लावून थांबायचं. मी खाली होतो. पंखा घुर्र करून फिरला, टिक टिक टिक ठिणगी पडली, भक्क करून ज्योत पेटली, आणि बघता बघता पाइप इतका तापला की हात काढून घ्यावा लागला. वरून मात्र अजून आवाज येतच होता, "अरे, गारच आहे!"

म्हणजे बॉयलरने आपलं काम केव्हाच करून टाकलं होतं.

तरी बॉयलरचा वाटा शून्य नसतो, आणि तो का असतो हे बघण्यासारखं आहे. कुणीतरी नळ सोडलाय हे त्या पेटीला कळतं कसं? थंड पाणी आत शिरतं त्या वाटेवर एक चिमुकली चक्री बसवलेली असते. पाणी वाहिलं की ती फिरते. तिच्यात लोहचुंबक असतो आणि शेजारचा सेन्सर तिचे फेरे मोजतो. साधारणपणे मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी वाहायला लागलं की मगच बॉयलर ही मागणी खरी मानतो. मग तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह रेडिएटरकडची वाट बंद करतो आणि आतलं पाणी एका छोट्या फेऱ्यावर वळवतो. पंप सुरू होतो. आत चुकून साठलेला गॅस बाहेर जावा म्हणून पंखा आधी नुसतीच हवा ढकलतो. मग ठिणगी, मग गॅस, आणि ज्योत खरंच पेटली की नाही याची एक खातरजमा. इतकं झाल्यावर तापायला लागतं ते आतल्या फेऱ्यातलं पाणी. बहुतेक कॉम्बींत आपल्या अंगावर येणारं पाणी ज्योतीच्या जवळपासही जात नाही. ते जातं एका धातूच्या ठोकळ्यातून, ज्याला प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्यात पातळ पत्र्यांची चवड असते, एका पत्र्याच्या अलीकडून बॉयलरचं कढत पाणी आणि पलीकडून आपलं गार पाणी. दोघांची भेट कधीच होत नाही, पण उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. हा ठोकळा स्वतः आधी तापावा लागतो. गार पडलेल्या बॉयलरला या सगळ्या सोपस्काराला दहा ते वीस सेकंद लागणं हा बिघाड नाही. ज्योत पेटण्याआधीचा तो पंखा सुरक्षिततेसाठी आहे, तिथे घाई नकोच.

उरलेला उशीर रस्त्यातला. हा हिशेब मी आकडे मांडून केला, कारण तोंडी भांडणात आकड्यांशिवाय माझा कधीच निभाव लागत नाही. तांब्याचा १५ मिलिमीटरचा पाइप आतून साधारण १३.६ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याच्या एका मीटरमध्ये १४५ मिलिलिटर पाणी मावतं. बॉयलरपासून बेसिनपर्यंत भिंतीतून, फरशीखालून, कोपरे घेत पाइप १२ मीटर गेला असेल तर आत पावणेदोन लिटर पाणी अडकलेलं असतं. गरम पाण्याचा पहिला थेंब पोचायचा तर आधी हे पावणेदोन लिटर नळातून बाहेर पडायला हवं. शॉवर मिनिटाला नऊ लिटर सोडत असेल तर बारा सेकंदांत काम झालं. बेसिनचा नळ, त्यात तोंडाला जाळी लावून पाणी वाचवणारा, मिनिटाला तीनच लिटर सोडतो. तिथे पस्तीस सेकंद. आणि जोर चांगला यावा म्हणून कुणी हौसेने २२ मिलिमीटरचा पाइप टाकला असेल, तर मीटरमागे ३२० मिलिलिटर. तेच अंतर, तोच बेसिनचा नळ, आणि वाट पाहायची सव्वा मिनिटाहून जास्त. जाड पाइप म्हणजे चांगला पाइप, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याबद्दल बोललं तर आपल्यालाच अडाणी ठरवतात.

यात आणखी एक चोर आहे, पाइप स्वतः. गरम पाणी गार तांब्याला घासून पुढे सरकतं तेव्हा आधी तांबं तापतं. तांब्याला पाण्याच्या मानाने फार थोडी उष्णता लागते, तरीही १५ मिलिमीटरच्या पाइपाचं धातू आतल्या पाण्याच्या जवळजवळ एक षष्ठांश उष्णता मागून घेतं. म्हणून गार संपलं आणि गरम सुरू झालं असा स्वच्छ बांध नळावर कधी दिसत नाही. मधे कोमटाचा एक लांबलचक पट्टा असतो. आणि हा कोमटपणा फार फसवा. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने लिहून ठेवलंय की तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला ऊन लागू शकतं. त्याने त्यातून ज्ञानाबद्दल मोठमोठे निष्कर्ष काढले. मला थंडीतल्या सकाळी इतकंच दिसतं की गारठलेल्या बोटांना जे पाणी 'झालं गरम' वाटतं तेच पाठीवर घेतल्यावर किंकाळी फुटते. पाणी बघायचं ते मनगटाच्या आतल्या बाजूला.

आता ताकदीचा मुद्दा. लोकांना वाटतं बॉयलर कमजोर आहे म्हणून उशीर होतो. २४ किलोवॉटचा बॉयलर हा लहानांत मोडतो, आणि तरीही तो २ किलोवॉटच्या बारा गिझरांइतकी उष्णता एका वेळी ओततो. इतक्या ताकदीने पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला सुमारे १० लिटर मिळतं. हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, कंपनी कुठलीही असो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, आणि त्यात कुणालाही सूट मिळत नाही. उन्हाळ्यात आत येणारं पाणी १८ अंशांचं असेल तर ४० अंशांपर्यंत न्यायला २२ अंशच चढायचे असतात आणि तोच बॉयलर मिनिटाला १५ लिटर देऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत ते ५ अंशांवर येतं. यंत्र तेच, ज्योत तीच, पण नळ मात्र निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. 'हिवाळ्यात बॉयलर बिघडतो' या तक्रारींतल्या निदान काहींचं मूळ जमिनीखालच्या पाण्यात असणार.

इथून पुढे गंमत सुरू होते. गरम पाणी लवकर हवं तर नळ पूर्ण सोडा, म्हणजे पाइपातलं गार पाणी लवकर निघून जाईल. पण नळ पूर्ण सोडला की बॉयलरच्या ताकदीबाहेर पाणी वाहतं आणि येतं ते कोमट. बरं, कढत हवं म्हणून नळ बारीक केला तर पत्र्यांच्या चवडीतून पाणी सावकाश जातं, चांगलं तापतं, पण पोचतं मात्र रमतगमत. आणखी बारीक केला, तर चक्री फिरेनाशी होते, बॉयलर मागणी संपली असं समजतो आणि विझतो. मग हाती येतं ते पुन्हा गार. आमच्या घरी पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना हे सांगावं लागतं: आधी पूर्ण सोडा, गरम झालं की अर्ध्यावर आणा, पण पाव करू नका. नळाला अशी चालवण्याची पद्धत असते हे ऐकून लोक आमच्याकडे दयेने बघतात.

शॉवरमधला प्रकार तर खास आहे. अंगाला साबण लावताना पाणी बंद करायची चांगली सवय ज्यांना आहे त्यांना ही शिक्षा हमखास मिळते. पुन्हा नळ सोडला की आधी पाइपात उरलेलं गरम पाणी येतं. माणूस निर्धास्त होतो, डोकं पुढे करतो, आणि मग येतो गार पाण्याचा एक झोत. बॉयलर पुन्हा पेटेपर्यंत त्याच्यातून निसटलेलं ते पाणी असतं. त्याच्यामागून परत गरम. पाण्याची बचत करणाऱ्याच्याच डोक्यावर गार पाणी पडावं, हा या यंत्रातला मला सगळ्यात न आवडलेला भाग. आमची मुलगी यावर उपाय म्हणून पाणी बंदच करत नाही, आणि त्यावर बोलायला माझ्याकडे तोंड नाही.

खरं नुकसान मात्र शॉवरमध्ये होत नाही, बेसिनपाशी होतं. हात धुवायचे म्हणून कुणीतरी सवयीने गरम नळ सोडतं. वीस सेकंदांत हात धुऊन होतात, तेही गार पाण्याने. तोवर खाली बॉयलर पेटलेला असतो, गरम पाणी निघालेलं असतं, निम्म्या वाटेवर आलेलं असतं. नळ बंद होतो. बॉयलर विझतो. आणि वाटेतलं ते पाणी भिंतीच्या आत तसंच निवत पडून राहतं. वरातीमागून घोडं म्हणायचं तर इथे घोडं मांडवापर्यंत पोचतसुद्धा नाही. १२ मीटरच्या त्या पाइपातलं पाणी ३५ अंशांनी तापवायला ०.०७ युनिट उष्णता लागते, म्हणजे १० वॅटचा एलईडी दिवा सात तास जळेल इतकी. एकदा झालं तर कुणी विचारत नाही. पण हात दिवसातून कितीदा धुतले जातात, आणि घरात माणसं किती! मी बेसिनचा नळ आता गार बाजूला वळवूनच ठेवतो. घरातले तो परत मधोमध आणून ठेवतात. एका दांडीच्या नळाचा हा दोष आहे, दांडी मधे असली की दिसायला नीटनेटकी दिसते आणि तेवढ्यासाठी अर्धं पाणी गरम मागवलं जातं.

वाहतं पाणी जागीच तापवण्याची ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने १८६८ मध्ये गॅसवर चालणारा असा हीटर आणला आणि त्याला 'गीझर' हे नाव दिलं. जळालेला वायू बाहेर नेणारं धुरांडं त्याला नव्हतं, त्यामुळे तो जिवावर बेतणारा होता. मला त्याच्यापेक्षा जास्त आवडतो तो जर्मनीचा ह्यूगो युंकर्स. त्याला मुळात गॅसची उष्णता मोजायची होती. म्हणून त्याने असं उपकरण केलं, ज्यात गॅस जळतो, त्याभोवतून पाणी सतत वाहतं, आणि पाणी किती अंशांनी तापलं ते बघून गॅसचा कस काढायचा. मोजायचं यंत्र, पण बाहेर काय पडत होतं? गरम पाणी, हवं तेवढं, वाहतं. १८९५ मध्ये डेसाऊला त्याचा कारखाना उभा राहिला आणि तिथून गॅसचे वॉटर हीटर निघू लागले. पुढे १९१५ मध्ये याच माणसाने संपूर्ण धातूचं विमान उडवून दाखवलं. पातळ पत्र्याशी त्याचं जमलेलं असावं. त्याच्या त्या उपकरणात पाणी तापायचं आणि तिथल्या तिथेच हाती यायचं. बारा मीटर लांबच्या बेसिनपर्यंत ते पोचवायचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

आमच्या बॉयलरला अगदीच निर्दोष ठरवायचं नाही. गेल्या हिवाळ्यात वेगळीच लक्षणं दिसायला लागली. पाणी उशिरा यायचं तसं यायचंच, पण आलेलं गरम पाणी मधेच गार व्हायचं, परत तापायचं, परत गार. रस्ता लांब असण्याने असं होत नाही. मेकॅनिक आला. शांत माणूस, बोलणं मोजकं. त्याने नळ सोडायला सांगितला, दोन पाइपांना आळीपाळीने हात लावला, स्क्रीनवरचे आकडे बघितले आणि पाणी बंद करून खालच्या बाजूने तो पत्र्यांचा ठोकळा सोडवला. वीतभर लांब, चार बोटं रुंद. त्याने तो वर्तमानपत्रावर उलटा करून हलकेच ठोकला तर आतून पांढऱ्या खपल्या पडल्या, बोटांत चुरडल्या तर खडूसारखी भुकटी. पाण्यातला चुना. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण या कॅल्शियमचं उलटं आहे, पाणी जितकं तापवाल तितका तो बाहेर पडून चिकटतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उष्णता पलीकडे जायला हवी नेमका तिथेच थर बसतो. थर बसला की उष्णता अडते, आतलं पाणी नको तितकं तापतं, बॉयलर स्वतःला जपायला ज्योत विझवतो, निवला की परत पेटवतो. नळावरचा तो गार-गरमाचा खेळ हाच.

मेकॅनिकने दुसरी बाजू दाखवली तेव्हा तिथून काळं पाणी निघालं. ती बॉयलरच्या फेऱ्याची बाजू. रेडिएटरांच्या पोलादाला आतून गंज चढतो, त्याची काळी लोहमय भुकटी पाण्यासोबत फिरते आणि अरुंद जागा दिसली की बसते. म्हणजे त्या वीतभर ठोकळ्याला एका अंगाने चुना आणि दुसऱ्या अंगाने गंज. बदलूनच टाकू म्हणाला, आम्ही हो म्हटलं. जाता जाता त्याने एक तपासणी सांगून ठेवली, ती इथे देतो: हीटिंग बंद असताना नुसता गरम नळ सोडला आणि रेडिएटर कोमट व्हायला लागले, तर तो तीन तोंडांचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही असं समजायचं. तुमचं गरम पाणी मग बेसिनकडे जायच्या ऐवजी खोल्या गरम करतंय.

नवा ठोकळा बसला, गार-गरम थांबलं. वरच्या बेसिनला गरम पाणी यायला लागणारा वेळ? होता तितकाच. बायकोला हे फारसं रुचलं नाही.

उपाय नाहीत असं नाही, पण प्रत्येकजण कसला तरी मोबदला मागतो. बऱ्याच कॉम्बींना 'प्रीहीट' किंवा 'कम्फर्ट' नावाची सोय असते. तीत तो ठोकळा आधीच तापवून ठेवला जातो, त्यामुळे बॉयलरच्या वाट्याचे दहा-पंधरा सेकंद वाचतात. त्यासाठी मध्यरात्री, घरात सगळे झोपलेले असताना, बॉयलर अधूनमधून उगाच पेटतो. आणि पाइपातल्या गार पाण्याला ही सोय हातही लावत नाही. बॉयलर नळाच्या जवळ असेल त्यांनी ती लावावी, लांब असेल त्यांना तिचा मोबदला पुरतो असं मला वाटत नाही. पाइपाला फोमचं वेष्टण घालणं चांगलंच, पण त्याचा फायदा अर्ध्या-पाऊण तासाच्या आत परत नळ सोडणाऱ्याला. रात्रभरात वेष्टणातलं पाणीही निवतंच, तेव्हा पहाटे पहिल्यांदा उठणाऱ्याच्या नशिबी जे आहे ते आहे. लांबच्या नळापासून बॉयलरपर्यंत परतीचा एक पाइप टाकून, पंपाने गरम पाणी फिरवत ठेवायची व्यवस्था मोठ्या इमारतींत असते. घरात ती केली तर पाणी लगेच मिळतं आणि भिंती दिवसभर तापत बसतात. शिवाय पंपाने पाणी हललं की चक्री फिरते आणि बॉयलरला वाटतं कुणी नळ सोडला. म्हणून सगळ्याच कॉम्बींना हे चालत नाही, आधी कंपनीला विचारायला हवं.

लांबच्या बेसिनखाली दहा लिटरची छोटी विजेची टाकी, हा मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय वाटतो. टाकीऐवजी विजेवरचा लगेच तापवणारा छोटा हीटर लोक सुचवतात, पण ३ किलोवॉटचा हीटर ३० अंश चढवायचे तर मिनिटाला जेमतेम १.४ लिटर पाणी देतो. त्यात हात धुवावेत, तोंड धुताना कंटाळा येईल. आणि साठवणीची मोठी टाकीच परत आणा म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. टाकी नळाजवळ ठेवता येते, एका वेळी दोन शॉवर चालतात. पण ती चोवीस तास उष्णता गमावत असते, आणि लीजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांत वाढतात म्हणून ती ६० अंशांपर्यंत तापवावी लागते. मग ते पाणी भाजतं, म्हणून परत विसण घालायची सोय करा. टाकीत तापलेलं पाणी आपली वाट बघत बसतं, कॉम्बीत आपण त्याची. कुणीतरी बसायचंच.

खरा उपाय बांधकामाच्या वेळी असतो आणि तेव्हा कुणाला सुचत नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूम पाठीला पाठ लावून, बॉयलर त्यांच्या मधे, म्हणजे पाइप दोन-चार मीटरांत संपतो. बेसिनसारख्या थोडं पाणी लागणाऱ्या नळाला १० मिलिमीटरचा वेगळा पाइप, ज्यात मीटरमागे ६० मिलिलिटरच पाणी मावतं. आमच्या त्या १२ मीटरला असा पाइप असता तर पस्तीस सेकंदांचे पंधरा झाले असते. पण नकाशा काढताना बॉयलर जातो उरलेल्या कोपऱ्यात, आणि पाइप प्लंबरच्या पिशवीत जो असेल तो.

मेहुणा सध्या घर बांधतोय. मी त्याला हे सगळं लिहून पाठवलं, पाइपांच्या मापांसकट, शिवाय बॉयलर कुठे असावा याचं हाताने काढलेलं एक चित्र. बॉयलर त्याने जिन्याखाली काढला होता आणि मुख्य बाथरूम दोन मजले वर, दुसऱ्या टोकाला, कारण तिथून बाहेरचं छान दिसतं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. बाथरूमच्या दोन टाइल्सचे फोटो होते आणि खाली एक ओळ: "भाऊजी, राखाडी की बदामी?"

मी बदामी सांगितली.